यादव मिस्त्रींचं जुनं पॅकिंग

यादव मिस्त्रींनी मला फसवलं. एकदा नाही, सहा वर्षं, आणि मी समोर बसून चहा पीत असताना.

हे आधीच सांगतो, कारण मला फसवणारा माणूस सहसा सापडत नाही. पोती उचलता उचलता मी कांद्याचा व्यापारी झालो. देवळ्याच्या बाजारात ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा कांदा काढतो, मगच भावाचं बोलतो. अशा माणसाला पंचवटीतल्या एका गॅरेजवाल्याने कागदाच्या पट्टीत गुंडाळलं.

ती पट्टी म्हणजे पॅकिंग. मोटारसायकलच्या इंजिनाच्या झाकणाखाली असते, तेल बाहेर येऊ देत नाही. झाकण उघडलं की जुनी फेकून नवी टाकावी, यात विचार करण्यासारखं काही नाही. मिस्त्री मात्र विचार करायचे. जुनी पट्टी चिमटीत धरून उन्हाकडे बघायचे, वास घ्यायचे, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि डॉक्टरसारखी मान हलवून म्हणायचे, "जीव हाय अजून."

"मिस्त्री, मी नवं आणलंय. ते टाका."

"शेठ, हिचा दोन्ही लोखंडांशी संसार जमलाय. नवी आली की पुन्हा रुसवेफुगवे."

"रुसू द्या! माझ्या पँटीवर तेल नको."

"बरं, टाकतो," म्हणायचे. मी चहा सांगायला टपरीकडे वळायचो. महिन्याभरात इंजिनाला पुन्हा घाम फुटायचा.

मग पुन्हा रविवार, पुन्हा गॅरेज. मिस्त्री जुन्या ट्रकची सीट झटकून माझ्यासाठी पुढे ओढायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला, त्याचं पत्र दिवाळीला. स्वतःचं काही बोलत नसत, पण माझा बाजार कान देऊन ऐकायचे. "त्या सटाण्याच्या अडत्यानं पोरीचं लगीन केलं का मग?" महिन्यापूर्वी अर्धवट राहिलेली गोष्ट नेमकी तिथूनच धरायचे. माझ्या घरी कोणी असं ऐकत नाही. मी बोलायला लागलो की आवाज चढतो, आणि एकेक जण आत निघून जातो.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाना शोधायला मी त्यांचं कपाट उघडलं. बिस्किटांच्या डब्यात मी आणलेली सगळी नवी पॅकिंगं. एकूण एक, कोरी.

डबा मी त्यांच्यासमोर आदळला. "हे काय?"

मिस्त्री हात पुसत राहिले. "नवं टाकलं असतं तर वरीसभर इंजिन उघडावं लागलं नसतं, शेठ."

"तेच म्हणतोय मी!"

"मग तुम्ही कशाला आला असता?"

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चोर म्हटलं, एवढं आठवतं. मग गाडी चालू न करता ढकलत निघालो. मुद्दाम, आणि सावकाश. टपरीपर्यंत गेलो, तिथून वळणापर्यंत. मागे पान्याचाही आवाज नव्हता.

दुसऱ्या मेकॅनिकने त्याच आठवड्यात नवं पॅकिंग टाकलं. दीड वर्ष झालं, इंजिन कोरडं ठणठणीत आहे. रविवारी मी ते पुसतो, थोडा वेळ बसतो, आणि पुन्हा पुसतो.

मागच्या महिन्यात पंचवटीत गेलो. सहजच. गॅरेजला कुलूप होतं. टपरीवाला म्हणाला, "मिस्त्री गेले घोटीला, पुतण्याकडे. डोळ्यांनी दिसेना त्यांना."

फसवलंत, ते मी सोडून देतो. पण मिस्त्री, सहा वर्षं तुम्ही माझ्या तोंडून बाजार ऐकलात. गिऱ्हाईक तावातावाने उठतं ते जायला उठत नाही, हे तुम्हाला कळायला हवं होतं. चार पावलांत मागून हाक मारायची असते. मी वळणापर्यंत गेलो होतो. तुम्ही हाक का मारली नाही, याचा जबाब मला पाहिजे.