गुरप्पांची तिसरी ओळ

गुरप्पा माणसांना कधी टाकून बोलले नाहीत. ती सगळी हौस ते सोयाबीनवर भागवत. रोपासमोर उकिडवं बसून, अगदी तोंडावर.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. आमच्या उदगीरकडच्या गावाला नव्या कचेरीचा पहिला प्रसाद मिळाला तो सोयाबीनच्या तीन वाणांच्या पुड्यांचा. हे पीक गावानं कधी पाहिलेलं नव्हतं. गुरप्पांनी घरामागच्या परड्यात तीन ओळी पेरल्या. दर सोमवारी लिंगपूजा आटोपली, की कपाळावरचं भस्म वाळायच्या आत वेळूच्या तीन काठ्या घेऊन हजर. प्रत्येक वाणाची वाढ त्याच्या त्याच्या काठीवर खाच पाडून मांडायची, मग काठ्या शेजारी धरून निवाडा करायचा. कुंपणापलीकडं मी फुकटचा प्रेक्षक.

पहिली ओळ आधी फुलली, तर म्हणाले, "लई घाई करायलीस." दुसरी कमरेला लागली, तर, "नुसती उंची. शेंगा कुठं हायत?" तिसरी घोट्याच्या वर सरकेना. तिच्यापुढं मात्र ते गप्प बसत.

मग पावसानं दडी मारली. आड तळाला गेला. भांडी धुतलेलं पाणी ओळींना घालू का, असं त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, विचारलं, तर गुरप्पांनी ठणकावलं, "लाड करायचा न्हाई. लाडानं वाण कळत न्हाई."

याच कायद्यात त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला होता. तो हैदराबादेत नोकरीला गेला, तो सणालाही फिरकत नसे.

दोन ओळी करपल्या. तिसरी मात्र हिरवीगार, शेंगांनी लगडलेली. अख्खं गाव परड्यात लोटलं. पुढच्या सालाला हाच वाण, असं ठरवून लोक बियाला पिशव्यासुद्धा घेऊन आले.

गुरप्पा काठी टेकून उभे राहिले. "हे बी कुणी नेऊ नका. दुष्काळात टिकायचं न्हाई. माझ्या अंघोळीचं पाणी रोज हिला घातलंय."

गाव हसत हसत रिकाम्या पिशव्या घेऊन गेलं. अंघोळीशिवाय लिंगाला हात न लावणारा हा माणूस, इतके दिवस बिनअंघोळीचा! हल्ली त्यांचं भस्म कोरडं का भुरभुरत होतं, ते मला आत्ता कळलं.

"अप्पा, तुमचा कायदा तुम्हीच मोडला?"

"घरात पाळून बघितला की," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हैदराबादची गाडी सकाळी कधी असती?"

मी सांगितलं. गुरप्पा तिसऱ्या ओळीसमोर उकिडवे बसले.

"उद्याचं पाणी मला लागंल ग," ते तिला म्हणाले.