लाल ठिपक्याची मोहीम

सकळ विवेकी, फुरसतवंत वाचकांसी विज्ञापना ऐसी कीं, मोर्चे, धरणें, दंगे व दगडफेक यांच्या बातम्या वेचून नकाशावर ठिपके देणारें एक दफ्तर, तेथील नकाशानवीस राजमान्य राजश्री जावईबापू, त्यांवर जो प्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहितों.

जावईबापूंचे घरीं तान्ही कन्या, आणि कुटुंबास सोमवारीं नोकरीवर रुजू होणें, सबब सासूबाईसाहेबांनीं बाळ सांभाळावयास येण्याचा करार जाहला होता. ऐशांत जावईबापूंनीं स्वहस्तें केलेला नकाशा वर्तमानपत्रीं छापून आला, आणि त्यांत शहराचे छातीवर भला थोरला लाल ठिपका, आणि तो नेमका लेकीचे बिऱ्हाडावर! सासूबाईसाहेबांनीं तो पाहिला मात्र, भरलेली बॅग रिकामी केली, आणि फोनावरून फर्मान सुटलें कीं, दंग्याचे तोंडीं आम्ही येत नाहीं, लेकीनेंच बाळ घेऊन माहेरीं यावें. म्हणजे नोकरी बुडाली. कुटुंबानें डब्याचें झाकण जोरानें लावलें.

मग जावईबापूंनीं सासूबाईंस अर्ज गुजारला कीं, त्या ठिपक्यांत बहुतेक शांततेचे मोर्चे आहेत, कोणी कोणास बोट लाविलें नाहीं.

"मग लाल रंग कशाला दिलात?" सासूबाईंनीं विचारलें.

या एका तोफेनें सारी फळी मोडली.

मग जावईबापू दफ्तरीं जाऊन आपलाच ठिपका उकलूं लागले, तों काय नवल! निम्म्या बातम्यांत जागेचा पत्ताच नव्हता, फक्त शहराचें नांव, आणि बेपत्ता घटनेस शहराचे मध्यबिंदूवर बसवावें असा दफ्तरी रिवाज, आणि तो मध्यबिंदू म्हणजे त्यांचें स्वयंपाकघर. शिवाय एकच मोर्चा अनेक पत्रांनीं छापला म्हणोन अनेक वेळां मोजला गेला होता. मग त्यांनीं दुबार नोंदी काढिल्या, शांत मोर्च्यांस निळा रंग व हिंसेस लाल दिला, आणि बेपत्ता घटनांस ठिपका न देतां अवघ्या शहरावर फिकट छटा पसरिली. दफ्तराचे मुख्य खवळले कीं, एवढा ठिपका गेल्यावर नकाशा बघणार कोण?

"बघतात हो साहेब. माझ्या सासूबाई बघतात."

मुख्यांसही सासूबाई होत्या. मंजुरी मिळाली.

तरी घराजवळचे चौकांत एक लाल ठिपका उरलाच. तो पुसावा ऐसें मनांत येऊन बोट संगणकाचे कळीपर्यंत गेलें, परंतु तेथें माणसें खरींच जखमी जाहलीं होतीं, म्हणोन बोट माघारीं फिरलें, आणि नकाशा तैसाच छापावयास रवाना जाहला.

"हा चौकातला लाल काय?" सासूबाईंचा फोन.

"तो खरा आहे, आई. गेल्या महिन्यात दगडफेक झाली, दोघांना लागलं. आता चौक शांत आहे, पण झालं ते झालं."



"सगळंच निळं दाखवलं असतंत ना, तर मुळीच आले नसते," सासूबाई म्हणाल्या. "तिकीट काढा."

रविवारीं सासूबाईसाहेब दाखल जाहल्या, बाळानें तत्काळ त्यांचा चष्मा काबीज केला, आणि सोमवारीं कुटुंब डबा घेऊन कामावर स्वार जाहलें. जावईबापूंची फत्ते जाहली, सत्य न पुसतां जाहली, ही नोंद दफ्तरीं कायम केली असे.