डेस्मंडने लावलेलं फाटक

डेस्मंड हॅलिवेलचा आणि त्याच्या बायकोचा करार साधा होता. यंदा आठवडाभराच्या सुट्टीत डोंगरातल्या दगडी घरात राहायचं. पण एक जरी गोष्ट बिघडली, तरी पुढच्या वर्षापासून दर सुट्टीला स्पेन. डेस्मंडचा जीव डोंगरांत, ग्लेनिसचा उन्हात. त्यामुळे काहीही बिघडू न देणं, म्हणजे बिघडलेलं कबूल न करणं, एवढंच डेस्मंडच्या हाती होतं.

आल्या आल्या दाराच्या ठेंगण्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. "काही नाही, चौकट भक्कम आहे का बघत होतो," तो म्हणाला. (ती होती.) मग त्याने शेगडी पेटवली. ऊब आलीच नाही, धूर मात्र भरपूर आला. "जुन्या घरांना असाच वास हवा!" तो खोकत म्हणाला. ग्लेनिसने दार सताड उघडं टाकलं; धूर रोजचाच, म्हणून ते रोज तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच डोंगर चढून परत आला, तर घरासमोरच्या कुरणाचं फाटक उघडं! दोरीने बांधून ठेवलेलं. "काय बेशिस्त लोक असतात," असं म्हणून त्याने दोरी सोडली, फाटक लावलं, कडी घातली आणि समाधानाने स्वयंपाकघरामागच्या न्हाणीघरात जाऊन टबात बसला.

थोड्याच वेळात बाहेर पावलं वाजली. बरीच.

"ग्लेनिस, कोणी आलंय का गं?"

"हो!" ग्लेनिस ओरडली. "आणि अजून येताहेत!"

दार ढकलून एक मेंढी आत आली. तिने डेस्मंडकडे पाहिलं आणि त्याचा साबण खाल्ला. डेस्मंड टॉवेल गुंडाळून धावला. स्वयंपाकघरात मेंढ्याच मेंढ्या, एक तर खुर्चीवर. बाहेर बर्केट नावाचा शेतकरी शिट्ट्या मारत होता. डोंगरावरून कळप खाली आणायचा म्हणून त्यानेच फाटक बांधून ठेवलेलं. मेंढ्यांना ते बंद मिळालं, मागे कुत्रा, आणि उघडं काय, तर धूर जावा म्हणून ठेवलेलं दार.

"कुठल्या गाढवाने फाटक लावलं?"

"वारा असेल," डेस्मंड म्हणाला.

"वाऱ्याने दोरी सोडली? वर कडीपण घातली? बराच शिकलेला वारा दिसतोय!"

तेवढ्यात ग्लेनिस टेबलक्लॉथ फडकावत, "हुर्र, चला बायांनो!" करत सगळा कळप बाहेर हाकून कुरणात घालूनही आली. केस विस्कटलेले, गाल लाल. असं हसताना डेस्मंडने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खोटं बोलल्याचं त्याला एकदम वाईट वाटलं.

"मीच लावलं फाटक," तो म्हणाला. "बिघडलं सगळं. तू जिंकलीस. स्पेन."

"स्पेन? अरे, बिघडलंय कुठे? इतकी मजा मला उभ्या जन्मात आली नव्हती! पुढच्या वर्षी इथेच. दोन आठवडे!"

डेस्मंडला आनंदाने टॉवेलचंही भान राहिलं नाही. डोंगर वाचले होते!

"बाई, तुम्ही जरूर या," बर्केट म्हणाला. "मेंढ्या आणायच्या दिवसांत तुमच्यासारखं माणूस हवंच. पण यांचं काय करायचं?"

ग्लेनिसने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"त्याची नका काळजी करू," ती म्हणाली. "त्याला मी स्पेनला पाठवते."