तीन तोंडांच्या अजगराचा मूळ ग्रंथ

लेखकाने कापडात गुंडाळलेला ग्रंथ टेबलावर ठेवला. समोर बसले होते त्याच्या वडिलांच्या भाषेतले नामांकित प्राध्यापक. लेखकाची अद्भुत कादंबरी त्या भाषेत त्यांनीच अनुवादली होती, आणि आता मूळ ग्रंथाचं दर्शन घ्यायला ते मुद्दाम घरी आले होते. वडील लेखकाच्या लहानपणीच गेले. त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही घरातून गेली. उरला एवढा ग्रंथ. आई त्यात बघून आपल्या भाषेत गोष्टी सांगायची. तीन तोंडांचा अजगर, लोखंडी राणी, वाफेचा किल्ला, सगळं त्यातलंच. 'माझ्या वडिलांच्या माणसांच्या पुराणकथा,' असं लेखक प्रत्येक मुलाखतीत सांगे. त्या माणसांनी एकदा आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

प्राध्यापकांनी पहिलं पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे बॉयलर-दुरुस्तीचं पुस्तक आहे."

"रूपक असेल," लेखक म्हणाला.

"'नट घट्ट करण्यापूर्वी वॉशर तपासा.' यात रूपक कुठलं?"

लेखक स्वयंपाकघराकडे वळून किंचाळला. "आईऽ!"

आई हात पुसत बाहेर आली. "किंचाळायला काय झालं?"

"तू मला यातून काय वाचायचीस?"

"वाचायला मला कुठे येत होती त्यांची अक्षरं? बाबा तुझे दिवसभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करत हिंडायचे. जाताना सांगायचे, पोराला माझ्या भाषेतलं काहीतरी वाचून दाखव. घरात त्यांचं पुस्तक हे एकच. मग काय, चित्रं बघून लावायची गोष्ट!"

"पण अजगर?"

"हा काय!" आईने तीन नळ्यांच्या आकृतीवर बोट ठेवलं. "उलटं धरा ना सर, म्हणजे तोंडं दिसतील."

सरांनी उलटं धरलं. तोंडं दिसली.

"आणि तपकिरी समुद्र?" लेखकाने विचारलं.

"तिथे चहा सांडला होता."

"किल्ल्याचं दार उघडणारा मंत्र?" आता प्राध्यापकांनीच विचारलं.

"तो मात्र ह्यांचा. पाइप फुटला की म्हणायचे."

"तरीच! मला वाटलं, उच्चार बिघडून चुकून शिवी झालीये. मी तिथे प्रार्थना घातली."

शाळाशाळांच्या मैदानांवर पोरं तो मंत्र बेंबीच्या देठापासून ओरडतात, हे आठवून लेखक मटकन खाली बसला. "मी जाहीर माफी मागतो. पुस्तक मागे घेऊ."

"खुळे आहात का?" प्राध्यापक ताडकन उठले. त्यांचा चेहरा लेखकापेक्षाही पांढरा पडला होता. "या कथा आठशे वर्षं जुन्या आहेत!"

"अहो, पण आत्ताच तर..."

"मी सिद्ध केलंय! अनुवादाच्या प्रस्तावनेत! माझी आजी मला त्या सांगायची, असंही लिहिलंय." त्यांचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? लिहिता लिहिता मला ती सांगताना आठवायलाही लागली."

वडिलांच्या माणसांनी लेखकाला आपलं म्हटलं होतं, तेही तो जन्मण्याच्या आठशे वर्षं आधी. हसावं की रडावं, त्याला कळेना.

आईला मात्र दुसरंच सुचलं होतं. "सर, तुम्हाला ही अक्षरं येतात ना? मग एवढं बघाच. आमचा बॉयलर महिनाभर गळतोय."

प्राध्यापकांनी ग्रंथ सुलटा केला, आणि ते सूचीत 'गळती' शोधू लागले.