जिन्यातला दिवा

जिन्यातला दिवा वरून नि खालून, दोन्हीकडून लागावा म्हणून पदार्थविज्ञानाच्या निवृत्त मास्तरांनी स्वतः वायरिंग केलं आणि पस्तीस वर्षांच्या शिकवण्याचा एका दुपारीत बोऱ्या वाजवला. दोन्ही बटणं त्यांनी एकसर जोडणीत, एकामागे एक जोडली. दोन्ही चालू असली तरच उजेड, एक जरी बंद तरी काळोख.

संध्याकाळी सातला वरच्या बाईंनी हाक मारली. बाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, आता त्यांचाच फोन वाजत नव्हता. दिवा लागत नाही म्हणाल्या. मास्तरांनी खालचं बटण दाबलं, दिवा लागला, आणि आपली चूक त्यांच्या डोक्यात लख्ख उजळली.

पण चार दिवसांत रेडिओशिवाय कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

"करंटला वर चढायला जड जातं," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "मी खालून सोडत जाईन. रोज हाक मारा."

मग रोज सातला हाक येई. मास्तर बटण दाबत, गुडघ्यांची चौकशी होई, पुढे पुढे पायरीवर चहाही येऊ लागला. बाईंनी दार लावून घेतलं की मास्तर आपलं बटण न चुकता बंद करत. उद्याची सोय नको?

महिन्याभराने घरमालक त्याच काळोखात तीन पायऱ्या बसून उतरले आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन आले. त्याने बटण उघडून पाहिलं.

"कुठल्या शहाण्याने केलंय हे? शाळेतल्या पोराला कळेल."

बाई वर कठड्याशी उभ्या होत्या. मास्तर छताकडे बघत राहिले. चूक कबूल करावी तर अब्रू जाते, न करावी तरी सात वाजताची हाक जातेच. वायरमनने अर्ध्या तासात काम उरकलं. आता कुणाला हाक मारायला नको, असंही वर सांगून गेला.

त्या संध्याकाळी सातला दिवा मुकाट लागला. मास्तरांनी एकट्याचा चहा केला, तो निवला.

दुसऱ्या दिवशी सातला हाक आली.

"मास्तर, दिवा लागत नाही हो."

मास्तर गुडघे विसरून वर गेले. दिव्याखाली आधीच खुर्ची मांडलेली. बल्ब अर्धा फिरवून सैल केलेला. बाई पदराला बोटांची धूळ पुसत होत्या.

"सैल झालाय," मास्तर म्हणाले.

"व्हायचाच. करंटला वर चढायला जड जातं ना."

मास्तर खुर्चीवर चढले आणि त्यांनी बल्ब बसवला. फार घट्ट नाही.