हलका तो लांब जातो

बाबा कापडाच्या ताग्यांची हातगाडी ओढत. लूम बंद पडले की आमच्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे चहा-पाव. अशा माणसाला मुल्ला सर भर बाजारात अडवत. "काका, तुम्ही गाडीला ओढता, गाडीपण तुम्हाला तेवढीच मागे ओढते. मग पुढे जाता कसे?"

"पोट ढकलतंय ना वो मागून," बाबा म्हणत.

सर आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. गतीचे तीन नियम कुणी सुटे सुटे पाठ केले की ते चिडत. "अरे, एका घरातले आहेत ते! तीन चुली कशाला मांडता? क्या समझे?"

एकदा त्यांनी बाबांकडून चार चाकांच्या दोन रिकाम्या गाड्या कॉलेजच्या आवारात आणवल्या. एकीवर आपला अवाढव्य देह चढवला, दुसरीवर माझ्यासारख्या काडीला उभं केलं. तळव्याला तळवा लावून म्हणाले, "ढकल!"

सर जेमतेम हलले. मी सुटलो तो थेट प्रिन्सिपॉलांच्या स्कूटरवर.

"शाब्बास!" सर नाचले. "धक्का दोघांना सारखाच, हा तिसरा. हलका जोरात पळाला, हा दुसरा. कुणी अडवलं नसतं तर जातच राहिला असता, हा पहिला!"

"माझा दिवा फुटला, मुल्ला!" प्रिन्सिपॉल ओरडले.

"पोरालाही तेवढंच लागलंय, सर."

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांचा अस्लम फिजिक्स सोडून दुकान काढतो म्हणाला, यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि पोरगा बहरीनला गेला होता. सरांनी पेढा हातातच धरला.

"तो बोलला, मीही तेवढंच बोललो. तो हलका, लांब गेला. मी जागचा हललो नाही, तर लोकांना वाटतं याला लागलंच नाही."

मी त्यांना हट्टाने फोनच्या बूथवर नेलं, नंबर लावून दिला. पलीकडून "हॅलो, कौन?" आलं. सरांनी ओठ हलवले आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"आवाज भारदस्त झालाय," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी आमच्या घराण्यात पहिला ग्रॅज्युएट झाला. सरांच्या घरी ईदला कुणी आलं नाही.