जावयाची टाकी

दादासाहेबांची मोटारसायकल बंद पडली नाही असा एक दिवस त्या उन्हाळ्यात गेला नाही. डाळजहून निघावं आणि भिगवणच्या अलीकडे कुठंतरी गाडीनं दोनदा खोकून गप्प बसावं, हे ठरलेलं. मग दादासाहेबांनी उन्हात बसून कार्बोरेटर उघडायचा, त्यातून चिंचेच्या टरफलासारखे तपकिरी पापुद्रे काढायचे, आणि गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढं निघायचं.

एरवी त्यांनी ते धूड केव्हाच भंगारात घातलं असतं. पण ती लग्नात सासऱ्यांनी मानानं दिलेली गाडी. लष्कराच्या लिलावातून घेतलेली, लोखंडाला कंजुषी न केलेली. सुप्याला सासरवाडीला गेलं की सासरे सोनबा आधी गाडीभोवती एक चक्कर मारत, चाकं दाबून बघत, आणि मग जावयाला ‘या’ म्हणत. मागच्या खेपेला गाडीनं त्यांच्या दारातच मान टाकली, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, “गाडी चांगलीच दिली हुती. सांभाळणारा बघून द्याया पायजे हुती.” ते वाक्य दादासाहेबांच्या घशात अजून अडकलेलं होतं. त्यात शहाण्णव साली धोंड्याचा महिना आला आणि तिन्ही जावयांना जेवायचं आवतण आलं. या वेळी गाडी मारुतीच्या देवळापासून ऐकू येईल अशी दारात नेऊन उभी करायची, असं दादासाहेबांनी मनाशी पक्कं केलं.

भिगवणच्या खाजा मेस्त्रीनं टाकी उतरवून आत डोकावून बघितलं.

“आतनं कुणीतरी लाखंचा लेप दिलाय,” तो म्हणाला. “लई जुना हाय. त्योच सुटून खाली येतोय. समदा काढल्याबिगर गाडी सुदरायची न्हाय.”

“कुणी दिलाय?”

“मला काय ठावं? आसंल कुणीतरी माझ्यासारकाच.”

“मग काढ की.”

“मला कुठला येळ? तुमीच काढा. टाकीत बारीक खडी घाला, वर स्पिरिट वता आन् हालवत बसा. मनात आणलं तर काय बी न्हाय त्यात.”

मनात आणायला दादासाहेब तयारच होते, पण स्पिरिट नव्हतं. फर्निचरवाल्यांनी रंगाच्या दुकानातलं होतं तेवढं पॉलिशसाठी नेलं होतं. ते पुन्हा खाजाकडं गेले, तर त्यानं हातातला पाना खाली न ठेवताच सांगितलं, “मग देशी वता. जरा कडक बघून घ्या.”

दादासाहेब कधी सुपारीच्या खांडालासुद्धा शिवले नव्हते. कापडी पिशवी घेऊन ते देशीच्या दुकानात शिरले तेव्हा दुकानदार उठून उभाच राहिला.

“दादासाहेब, तुमी? बसा की.”

“बसायचं न्हाय. न्यायचीय. गाडीसाठी पायजे.”

“व्हय व्हय,” दुकानदार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत समजूतदारपणे म्हणाला. “समदे गाडीसाठीच न्हेत्यात.”

बाहेर पडले तर समोर प्रयागबाई. दादासाहेबांच्या शेजारीण, आणि माहेर नेमकं सुप्याचं. बाईंनी पिशवीकडं बघितलं, दुकानाकडं बघितलं आणि पदर नाकाला लावला. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी दादासाहेब म्हणाले, “गाडीसाठी हाय.” हे न म्हणते तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्यांनी टाकीत खडी भरली, देशी ओतली, तोंडाला लाकडी बूच ठोकलं आणि हलवायला सुरुवात केली. जरा वेळानं खांदे भरून आले. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई ओट्यावरून बघत होत्या.

“अवं, टाकी हाय का ताकाचा डेरा? आन् घरात ह्यो कसला वास? ST नं जाऊ म्हणलं तर ऐकायचं न्हाय.”

“ST नं गेलो तर तुझा बाप काय म्हणंल?”

“काय म्हणायचं ते म्हणंल. आजवर काय कमी म्हणलाय?”

हातानं भागेना म्हणून दादासाहेबांनी ट्रॅक्टर काढला. मागचं एक चाक जॅकवर उचललं, टाकी पोत्यात गुंडाळून दोरखंडानं त्या चाकाला आवळली आणि गियर टाकला. खडीनं असा खडखडाट मांडला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. पण लेप सुटायला लागल्याचं दिसत होतं, कारण बूच उडालं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तपकिरी देशीची चूळ दादासाहेबांच्या अंगावर यायला लागली. सदरा भिजला, टोपी भिजली, मिशा भिजल्या. रस्त्यानं जाणारा एकजण थांबला.

“कुठं निघालाय, दादासाहेब?”

“कुठं न्हाय.”

“बरं बरं. चालू द्या,” म्हणून तो लगबगीनं निघून गेला.

त्याच वेळी प्रयागबाई कुंपणापाशी आल्या. जाग्यावरच धावणारा ट्रॅक्टर आणि त्याच्याशेजारी घमघमणारे दादासाहेब त्यांनी डोळे भरून बघितले आणि लांबूनच म्हणाल्या, “सुप्याला निघालेय. काय निरोप हाय का?”

“सांगा, गाडी घिऊन येतो म्हणावं,” दादासाहेब ट्रॅक्टरच्या वरताण ओरडले.

संध्याकाळी लेप काकवीसारखा ओघळून गेला. टाकी आतून नव्या तांब्यासारखी लखलखली. दादासाहेबांनी कौसल्याबाईंना मुद्दाम बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर पेट्रोल ओतलं. ते झारीतून पडावं तसं खालून पडलं.

“मग बरुबर हाय,” दुसऱ्या दिवशी खाजा म्हणाला. “लेप हुता म्हणून टाकी हुती.”

“आरं, हे आधी सांगाया काय झालं हुतं?”

“मी लेप काढा म्हणलो. टाकी ऱ्हाईल आसं कुठं म्हणलो?”

दादासाहेबांना त्याला पान्यानं मारावंसं वाटलं, पण पाना त्याच्याच हातात होता. शेवटी आवतणाच्या दिवशी टाकी पिशवीत घालून ते कौसल्याबाईंबरोबर ST नंच निघाले. बारामतीत वेल्डरनं टाकी हातात धरली आणि परत दिली. “पत्रा पापड झालाय. झाळ लावली तर भोक मोठं हुईल.” तिथून सुप्यापर्यंत दादासाहेब टाकी मांडीवर घेऊन बसले.

सोनबांच्या अंगणात धोंड्याच्या जेवणाची घाई दिसायला हवी होती. दिसली ती सुतकी शांतता. दोघे साडू बाजेवर मान खाली घालून बसलेले. सासूबाईंनी लेकीला बघताच डोळ्याला पदर लावला.

“गाडी कुठं हाय?” सोनबांनी विचारलं.

“ही काय,” म्हणत दादासाहेबांनी पिशवीतून टाकी काढली.

“बाकीची इकली?”

“इकायची कशाला?”

“प्रयागी सांगत हुती,” सासूबाई हुंदका आवरत म्हणाल्या, “पिशव्या भरभरून न्हेत्यात, आन् पिऊन ट्रॅक्टर जाग्यावरच पळवत्यात.”

दादासाहेबांच्या रागाचा पारा टोपीपर्यंत चढला. आता सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सोनबांनी टाकी उचलून उन्हात धरली. भोकाभोकांतून ऊन त्यांच्या धोतरावर पडलं. त्यांचा चेहरा उतरला.

“लाख काढली?” ते हळूच म्हणाले.

दादासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. “मामा, आत लाख हुती हे तुमाला कुणी सांगितलं?”

सोनबांनी त्यांना दंडाला धरून कडब्याच्या गंजीमागं नेलं.

“लगीन तोंडावर आन् टाकी गळाया लागली,” ते कुजबुजले. “नवी कुठं मिळंना. सुतारानं लाख वतून दिली. म्हणला, चार म्हैनं निघत्याल. तुमी आजवर चालवली, जावईबापू.”

“आन् उलटं मलाच बोलत ऱ्हायला?”

“ती कवा बी उघडं पाडंल ह्या भ्यानं आधीच बोलून ठिवत हुतो. आता ह्ये बाहीर सांगू नका. त्या दोघांला बी मी काय काय दिलंय.”

“मग दारूचं काय सांगू?”

दोघंही विचारात पडले. दारू लाखेसाठी होती, आणि लाखेचं नाव काढायचं नव्हतं. सोनबांनी जावयाचे दोन्ही हात धरले. या माणसानं इतक्या वर्षांत आपल्याला नुसतं सुनावलं होतं, मागितलं कधीच काही नव्हतं. दादासाहेबांना राग आलेलाच होता, पण त्यांनी मान डोलावली.

सोनबा अंगणात आले आणि घसा खाकरून म्हणाले, “घेतली आसंल एखांद्या दिशी. कष्टाचं शरीर हाय. ह्याच्याफुडं घेणार न्हाईत. शब्द दिलाय मला.”

कौसल्याबाई तडक उठल्या. दादासाहेबांनी त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलं.

पंगत बसली. सगळ्यांच्या पानात धोंडे आले, त्यांवर तूप आलं. दादासाहेबांच्या पानाजवळ सासूबाईंनी लिंबाच्या पाण्याचा तांब्या आणून ठेवला. थोरले साडू सिद्धूगुरुजी, ज्यांचं उदाहरण घरात उठताबसता दिलं जाई, आपला पाट जवळ सरकवून कानाशी वाकले.

“दादासाहेब, मला वाटायचं ह्या घरात मी एकलाच हाय,” ते म्हणाले. “जेवण झालं की जरा मळ्याकडं चक्कर टाकू.”

दादासाहेबांनी तांब्या तोंडाला लावला, आणि तो पार रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.